प्रवेश मिळाला, पण सेमिस्टर हुकले : जर्मनीला निघालेल्या एका विद्यार्थिनीचे प्रकरण

(विद्यार्थिनीचे नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. रकमा आणि नियम त्या-त्या तारखेचे आहेत.)

पार्श्वभूमी

अनुजा २४ वर्षांची. घर सांगली जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी, वडिलांची तीन एकर द्राक्षबाग, आई अंगणवाडी सेविका. दहावीनंतर मेकॅनिकलचा डिप्लोमा, मग थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेऊन पुण्यातून बी. ई. सीजीपीए १० पैकी ७.३०. त्यानंतर चाकणच्या एका कारखान्यात दोन वर्षे क्वालिटी विभागात नोकरी, पगार हातात ३८ हजार.

नोव्हेंबर २०२३ मध्ये तिने ठरवले की ऑक्टोबर २०२४ च्या हिवाळी सेमिस्टरला जर्मनीत एम. एस.ला जायचे. जर्मनीच का, तर बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो भरावे लागतात, म्युनिकच्या तंत्र विद्यापीठानेही आता फी सुरू केली आहे. पण एरवी खर्च येतो तो राहण्या-खाण्याचा.

हाताशी अकरा महिने होते. पुरेसे होते. तरीही ती ऑक्टोबरमध्ये पोहोचू शकली नाही, आणि त्याचे कारण गुण किंवा इंग्रजी नव्हते.

अडचण नेमकी कुठे होती

पहिली गाठ डिप्लोमाची. थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतलेल्यांच्या पदवीच्या ट्रान्स्क्रिप्टवर (सगळ्या सेमिस्टरच्या गुणांच्या एकत्रित उताऱ्यावर) सहाच सेमिस्टर दिसतात. जर्मनीत पदवी आणि मास्टर्स मिळून ३०० ईसीटीएस क्रेडिट (युरोपात अभ्यास मोजण्याचे एकक) धरतात आणि एका सेमिस्टरला ३०. दीड वर्षाचा मास्टर्स ९० क्रेडिटचा असतो, म्हणून तिथे पदवीचे २१० मागतात. दोन वर्षांचा १२० चा असतो, तिथे १८० चालतात. सहा सेमिस्टरवाल्याचे १८० होतात. डिप्लोमातले गणित किंवा अप्लाइड मेकॅनिक्स धरायचे की नाही हे प्रत्येक विद्यापीठ स्वतः ठरवते, आणि पुष्कळ ठिकाणी ते धरत नाहीत.

दुसरी गाठ पैशांची. घरात रोख होती ती बेदाण्याच्या विक्रीची, सुमारे तीन लाख. बाकी कर्ज.

तिसरी गाठ नावाची, जी महाराष्ट्रात घरोघरी आहे. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचे नाव. पासपोर्टवर वडिलांचे नावच नाही, फक्त नाव आणि आडनाव. ही गाठ मात्र लवकर सुटली. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे नोटरी केलेले इंग्रजी प्रतिज्ञापत्र डिसेंबरमध्येच करून ठेवले आणि ते प्रत्येक फाइलला जोडले. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची नोंदणी मात्र पासपोर्टप्रमाणेच केली, आणि ती तशीच करावी.

समोर असलेले पर्याय

सुरुवातीला घरच्यांनी एका एजंटाला गाठले. सल्ला फुकट होता. त्याने बर्लिनमधले एक खासगी विद्यापीठ सुचवले. फी वर्षाला १२ हजार युरोच्या आसपास, प्रवेश पंधरा दिवसांत. फुकट सल्ल्याचे पैसे कुणीतरी देत असतेच. खासगी विद्यापीठ प्रवेशामागे एजंटाला कमिशन देते, सरकारी विद्यापीठ देत नाही. अनुजाने आग्रह धरल्यावर त्याने आठ सरकारी अभ्यासक्रमांची यादी दिली. त्यातले पाच दीड वर्षाचे होते, म्हणजे २१० क्रेडिट मागणारे. यादी करणाऱ्याने तिचे ट्रान्स्क्रिप्ट उघडून पाहिलेच नव्हते.

इथे तिने पहिला चांगला निर्णय घेतला. एजंट सोडला आणि प्रत्येक अभ्यासक्रमाची प्रवेश-नियमावली स्वतः वाचायला घेतली. ती बहुधा जर्मनमध्येच, पीडीएफ स्वरूपात असते आणि अभ्यासक्रमाच्या पानावर तळाशी कुठेतरी तिची लिंक असते. भाषांतराच्या साधनाने तीन गोष्टी शोधायच्या: एकूण किती क्रेडिट हवेत, गणित-मेकॅनिक्स-थर्मल अशा विषयगटांत किती, आणि किमान ग्रेड किती. दोन शनिवार-रविवार घालवून तिने सहा अभ्यासक्रम निवडले. सगळे दोन वर्षांचे, त्यातला एक दोन्ही सेमिस्टरला प्रवेश देणारा. हा एक पुढे तारणहार ठरला, पण तेव्हा तो यादीत आला निव्वळ विषय आवडला म्हणून.

कर्जाचे दोन मार्ग होते. बिगर-बँक वित्त कंपनी विनातारण द्यायला तयार होती, व्याज साडेबारा टक्के. सरकारी बँक मुलींसाठीची अर्ध्या टक्क्याची सवलत धरून दहा टक्क्यांनी देणार होती, पण तारण हवे. सुमारे १५ लाखांवर अडीच टक्क्यांचा फरक म्हणजे वर्षाला ३८ हजार. एक पगारच.

काय केले

*एपीएस*

१ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना जर्मनीच्या व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र लागते. शुल्क १८ हजार रुपये. दहावीपासूनच्या सगळ्या गुणपत्रिका खऱ्या आहेत का, याची ही पडताळणी. अनुजाने विद्यापीठाकडे ट्रान्स्क्रिप्ट मागितले डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, ते मिळायला पाच आठवडे लागले. जानेवारीअखेर फाइल दिल्लीला गेली, एप्रिलच्या मध्यात प्रमाणपत्र आले. डिप्लोमाच्या सहाही गुणपत्रिका पहिल्याच खेपेला जोडल्यामुळे फाइल परत आली नाही.

*गुणपत्रिकेची मागची बाजू*

एप्रिलअखेर तिने पहिला अर्ज केला. मुदत १५ मेची, किमान ग्रेड २.५. जर्मन पद्धतीत १ सर्वोत्तम आणि ४ काठावर पास, म्हणजे आकडा जितका लहान तितका चांगला. भारतीय गुण तिथे मॉडिफाइड बव्हेरियन फॉर्म्युल्याने बदलतात:

१ + ३ × (सर्वोच्च गुण − मिळालेले गुण) ÷ (सर्वोच्च गुण − पास होण्याचे किमान गुण)

तिच्या विद्यापीठाच्या श्रेणीतक्त्यात पास होण्यासाठी किमान ४ ग्रेड पॉइंट. मग हिशेब असा: १ + ३ × २.७० ÷ ६ = २.३५. प्रवेशास पात्र.

जूनच्या सुरुवातीला नकार आला. पत्रात ग्रेड होती २.६२.

हा आकडा येतो कसा, हे उलटे गणित करून पाहिले तर लगेच दिसते. किमान गुण ४ ऐवजी ५ धरले की भागाकार ६ ऐवजी ५ ने होतो: १ + ३ × २.७० ÷ ५ = २.६२. आता प्रश्न, त्यांनी ५ का धरले? कारण श्रेणीतक्ता छापलेला होता गुणपत्रिकेच्या मागच्या बाजूला, फिकट राखाडी अक्षरांत, आणि स्कॅन केली होती फक्त पुढची बाजू. किमान गुणांचा कागदच समोर नसल्यावर तपासणाऱ्याने त्यांच्याकडचे नेहमीचे गृहीतक वापरले. तिने लगेच मागची बाजू पाठवली. उत्तर नम्र होते: मुदत संपली, निर्णय बदलणार नाही.

हा नकार लवकर आला हे नशीब. उरलेल्या पाच अर्जांची मुदत १५ जुलै होती. त्या सगळ्यांना तिने सहाही पाने, म्हणजे तीन वार्षिक गुणपत्रिका-संचांच्या दोन्ही बाजू, जोडल्या. शिवाय महाविद्यालयाकडून एका ओळीचे पत्र घेतले की किमान उत्तीर्ण ग्रेड पॉइंट ४.० आहे. विषयगटांचा एक तक्ताही स्वतः केला: डावीकडे त्यांनी मागितलेला विषय, उजवीकडे आपल्याकडचा विषय, तास आणि अभ्यासक्रम-पुस्तिकेतला पान क्रमांक. तपासणाऱ्याला शोधाशोध करावी लागू नये, एवढाच हेतू.

चार अर्ज युनि-असिस्टमार्फत, म्हणजे अनेक विद्यापीठांचे अर्ज तपासणाऱ्या जर्मन संस्थेमार्फत, गेले. एका सेमिस्टरसाठी पहिल्या अर्जाला ७५ युरो, पुढच्या प्रत्येकाला ३०, म्हणून एकूण १६५. एक थेट विद्यापीठाच्या पोर्टलवरून. जुलैअखेर बाडेन-व्युर्टेम्बर्गमधल्या एका हॉखशूलचे (उपयोजित शिक्षणावर भर देणाऱ्या उच्चशिक्षण संस्थेचे) प्रवेशपत्र आले, ऑगस्टच्या मध्यात सॅक्सनी राज्यातल्या एका विद्यापीठाचे. या दुसऱ्या विद्यापीठात शिक्षणशुल्क नव्हते. तिने तेच घेतले.

*मामांचा फ्लॅट*

बँकेत फाइल गेली जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात. हीच सगळ्यात महाग पडलेली चूक. "प्रवेशपत्र आल्याशिवाय बँक दारात उभे करत नाही" असे गावात सगळेच सांगत होते आणि कुणी बँकेत जाऊन विचारले नव्हते. अंतिम मंजुरीला प्रवेशपत्र लागते हे खरे. पण तारणाचे कागद तपासायला ते लागत नाही, आणि वेळ जातो तो तिथेच.

वडिलांना वाटत होते तीन एकर बाग पुरे. शैक्षणिक कर्जाला शेतजमीन तारण म्हणून बँका सहसा घेत नाहीत. सातबारा कितीही कोरा असला तरी. गावठाणातल्या घराला ग्रामपंचायतीचा नमुना ८ होता, प्रॉपर्टी कार्ड नव्हते. तेही नाकारले गेले. शेवटी सांगलीतला मामांचा फ्लॅट पुढे आला.

मामींनी विचारले, "पोरीला नोकरी लागली नाही, तर आमचा फ्लॅट जाईल का?" घरात सगळे गप्प झाले. या प्रश्नाला खरे उत्तर एकच आहे: हप्ते थकले तर बँक तारणावर येऊ शकते. ते उत्तर त्यांना स्पष्ट दिले गेले, हे या प्रकरणातले सर्वांत प्रामाणिक पाऊल. मग दोन गोष्टी ठरल्या. अनुजाच्या नावाने कर्जाइतका टर्म विमा, आणि शिक्षण संपल्यावर नोकरी लागेपर्यंत हप्ता द्राक्षांच्या पैशातून भरण्याचे वडिलांचे लेखी आश्वासन. दोन्ही झाल्यावरच मामींनी होकार दिला.

फ्लॅट पुनर्विक्रीचा होता. बँकेच्या वकिलाने तीस वर्षांचा शोध घेताना पहिल्या मालकाचा बिल्डरशी झालेला मूळ करारनामा मागितला. तो हरवलेला. मग दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, हरकतींसाठी पंधरा दिवस. शिवाय इंडेक्स टू, सोसायटीची ना-हरकत, शेअर सर्टिफिकेट, मूल्यांकन अहवाल. सहा आठवडे गेले ते यात.

एकूण अंदाजपत्रक १८ लाखांचे, त्यात १५ टक्के मार्जिन म्हणजे २ लाख ७० हजार घरचे, आणि कर्ज १५ लाख ३० हजार. मंजुरी २१ ऑगस्टला मिळाली. राहण्याचा खर्च बँक एरवी सेमिस्टरप्रमाणे टप्प्याटप्प्याने देते. व्हिसासाठीच्या ब्लॉक्ड अकाउंटची रक्कम मात्र एकरकमी लागते हे शाखेला जर्मन वकिलातीची सूचना छापून दाखवावे लागले.

*फॉर्मवरचा एक कोड*

ब्लॉक्ड अकाउंट म्हणजे वर्षभराच्या खर्चाचे पैसे आधी भरून ठेवायचे. तिथे पोहोचल्यावर महिन्याला ठरावीक रक्कम मिळते. ऑगस्ट २०२४ पर्यंत भरून ठेवायची रक्कम ११,२०८ युरो होती, महिना ९३४. तेव्हाच्या दराने १० लाख २० हजार रुपये.

२६ ऑगस्टला शाखेत परदेशी पैसे पाठवण्याचा ए-टू फॉर्म भरताना अधिकाऱ्याने प्रयोजनाचा कोड टाकला एस ००२३, परदेशात खाते उघडणे. वरवर बरोबर, कारण खातेच तर उघडतोय. पण त्या कोडवर ७ लाखांपुढच्या रकमेला तेव्हा २० टक्के टीसीएस (पैसे पाठवताना बँक वेगळा वसूल करते तो आगाऊ कर) लागत होता. शिक्षणासाठीच्या प्रवासाचा, म्हणजे फी आणि राहण्याच्या खर्चाचा कोड आहे एस ०३०५. त्यावर बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पैसे जात असतील तर दर होता अर्धा टक्का. ३ लाख २० हजारांवर एकीकडे ६४ हजार, दुसरीकडे १,६००. टीसीएस प्राप्तिकर विवरणपत्रात परत मिळतो, पण तोवर पैसे अडकतात. सही करण्याआधी तिने फॉर्म वाचला म्हणून हे थांबले. (१ एप्रिल २०२५ पासून मर्यादा १० लाख झाली आहे आणि वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या पैशांवर टीसीएस नाही. कोड मात्र आजही पाहून घ्यावा.)

व्हिसाची तारीख मिळाली १० सप्टेंबरची. आणि १ सप्टेंबर २०२४ पासून दाखल होणाऱ्या अर्जांना ब्लॉक्ड अकाउंटची नवी रक्कम लागू झाली: ११,९०४ युरो, महिना ९९२. वरचे ६९६ युरो घाईने घरच्या पैशातून पाठवले. ७ लाखांची मर्यादा आधीच ओलांडलेली आणि हे पैसे कर्जाचे नव्हेत, म्हणून ५ टक्के टीसीएस, सुमारे ३,२०० रुपये. ब्लॉक्ड अकाउंटच्या रकमेची पुष्टी ९ तारखेच्या संध्याकाळी ईमेलवर आली. दुसऱ्या दिवशी मुंबईत व्हिसाचा अर्ज दाखल झाला, शुल्क ७५ युरो.

ऑक्टोबरचा निर्णय

व्याख्याने सुरू होणार होती ऑक्टोबरच्या मध्यात. विद्यापीठाला विचारल्यावर कळले की प्रत्यक्ष नोंदणी ३१ ऑक्टोबरपर्यंत करता येईल, त्यापुढे नाही. आणि प्रवेश पुढच्या वर्षासाठी राखून ठेवत नाहीत, नव्याने अर्ज करायचा. १८ ऑक्टोबरपर्यंत पासपोर्ट परत आलेला नव्हता.

तीन वाटा होत्या. वाट पाहायची आणि व्हिसा महिनाअखेर आला तर मिळेल त्या विमानाने निघायचे. वर्षभर थांबून पुन्हा हिवाळी सेमिस्टरला अर्ज करायचा. किंवा एप्रिल २०२५ च्या उन्हाळी सेमिस्टरला जायचे.

पहिली वाट घरच्यांना हवी होती. गावात पेढे वाटून झाले होते. पण प्रयोगशाळांचे गट दुसऱ्या आठवड्यात पडतात, वसतिगृहाच्या खोल्या सप्टेंबरमध्येच भरतात, आणि ऑक्टोबरअखेर उतरणाऱ्याला महिनाभर महाग तात्पुरत्या खोलीत काढावा लागतो. महिन्याच्या ९९२ युरोत ते बसत नाही. एक गोष्ट मात्र तिच्या बाजूने होती: तिने अजून नोकरीचा राजीनामा दिला नव्हता. प्रवेशपत्र आल्या दिवशीच द्यायचा तिचा आधी विचार होता. पण दोन महिन्यांचा नोटीस पिरियड आहे, तर व्हिसाचा अर्ज दाखल झाल्यावर तो सुरू करावा आणि लागले तर उरलेले दिवस पगार भरून सोडवून घ्यावेत, असे ठरले होते. १० सप्टेंबरला अर्ज उशिरा गेला असे दिसल्यावर तिने राजीनामा आणखी पुढे ढकलला.

तिने तिसरी वाट घेतली. व्हिसाचा अर्ज मागे घेतला आणि दोन्ही सेमिस्टरला प्रवेश देणाऱ्या त्या सॅक्सनीतल्या अभ्यासक्रमाला पुन्हा अर्ज केला. सेमिस्टर नवे म्हणून युनि-असिस्टचे ७५ युरो पुन्हा. कागद सगळे तेच.

निष्पत्ती

नवे प्रवेशपत्र डिसेंबरमध्ये आले. व्हिसाचा अर्ज ८ जानेवारीला, राजीनामा त्याच आठवड्यात. ४ मार्चला पासपोर्ट हातात, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ती पोहोचली. खोली आधीच ठरलेली होती, कारण या वेळी वसतिगृहाचा अर्ज प्रवेशपत्र आल्या रात्रीच भरला होता.

थांबण्याची किंमत अशी: ऑगस्टमध्ये उचललेल्या १० लाख २० हजारांवर दहा टक्क्यांनी महिन्याला साडेआठ हजार व्याज, सात महिन्यांचे सुमारे ६० हजार. वर दोनदा ७५ युरो. समोर सप्टेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंतचा सहा महिन्यांचा पगार, ज्यातून व्याज भरून काही शिल्लकही राहिली. पैशांत तोटा झाला नाही. उन्हाळी सेमिस्टरला सुरू करणाऱ्याला मात्र काही पायाभूत विषय उलट क्रमाने घ्यावे लागतात, आणि तिला पहिल्या सेमिस्टरमध्ये ते जड गेले.

काय वेगळे करता आले असते

तारणाची तपासणी जानेवारीतच, एपीएसची फाइल दिल्लीला गेली त्याच आठवड्यात, सुरू व्हायला हवी होती. वकिलाचा शोध अहवाल आणि मूल्यांकन याला तेव्हा फार तर काही हजार रुपये लागले असते. हरवलेला करारनामा फेब्रुवारीत कळला असता, जाहीर नोटीस मार्चमध्ये संपली असती, आणि जुलैअखेर पहिले प्रवेशपत्र येताच आठवड्यात मंजुरी मिळाली असती. बाकी सगळे जसे झाले तसे झाले असते तरी व्हिसाचा अर्ज ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात गेला असता. तोही ११,२०८ युरोंवर.

ब्लॉक्ड अकाउंट उघडायला बहुतेक ठिकाणी प्रवेशपत्र लागत नाही. व्हिसाची तारीखही तेव्हा प्रवेशपत्राची वाट न पाहता शोधायला सुरुवात करता येत होती.

जुलैअखेर बाडेन-व्युर्टेम्बर्गचे प्रवेशपत्र हातात होते. फी नसलेल्या जागेची वाट पाहण्यात सुमारे दोन आठवडे गेले. ते पत्र घेऊन लगेच बँकेला गाठले असते तर? तारणाचे कागदच तयार नव्हते, म्हणून या वेळी काही फरक पडला नसता. कागद तयार असते तर मात्र दोन वर्षांचे ६,००० युरो विरुद्ध एक सेमिस्टर, हा खरा प्रश्न उभा राहिला असता, आणि इतके कर्ज असलेल्या घरासाठी तेव्हाही सॅक्सनीच बरी ठरली असती.

अर्ज पाठवण्याआधी विद्यापीठ आपली ग्रेड कशी काढेल हे कागदावर मांडून पाहावे, किमान गुण ४ धरून एकदा आणि ५ धरून एकदा. दोन्ही आकडे मर्यादेच्या आत असतील तर काळजी नाही. एक आत आणि एक बाहेर असेल, तर श्रेणीतक्त्याचा कागद ही त्या फाइलमधली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. अनुजाने आता धाकट्या चुलतभावाच्या गुणपत्रिका स्कॅन करून ठेवल्या आहेत, दोन्ही बाजूंनी.